नकारात्मक भावनांच्या सर्किटमधल्या न्यूरॉनचं वर्गीकरण कसं करायचं: हॅबेन्युला घेऊन एक सविस्तर मार्गदर्शक

माकडासमोर पडदा आहे. एका बाजूला ठिपका उमटला की पेयाचा थेंब मिळतो, दुसऱ्या बाजूला उमटला की काही मिळत नाही. हा नियम माकडाला पाठ झाला आहे. २००७ साली मासायुकी मात्सुमोतो आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी अशा माकडांच्या मेंदूत, पार्श्व हॅबेन्युला नावाच्या छोट्याशा भागातल्या न्यूरॉनची नोंद घेतली. 'काही नाही' सांगणारा ठिपका उमटला की हे न्यूरॉन जोरात पेटत आणि बक्षिसाचा ठिपका दिसला की गप्प होत. बक्षिसाशी जोडलेल्या डोपामिन या संदेशद्रव्याच्या न्यूरॉनचं वागणं याच्या बरोबर उलटं होतं. अपेक्षाभंगाचा आवाज मेंदूत कुठून उठतो, याचं एक ठोस उत्तर तेव्हा मिळालं.

मग पुढचा प्रश्न येतो: हे सगळे न्यूरॉन एकाच जातीचे आहेत का? नसतील तर त्यांची विभागणी कशी करायची? हा लेख त्या कामाबद्दल आहे. उंदराच्या हॅबेन्युलाचा एकपेशीय आरएनए डेटा, म्हणजे एकेका पेशीतला आरएनए वेगळा मोजलेला डेटा, हाताशी धरून पायरीपायरीने जाऊ. जीवशास्त्र शिकलेल्या आणि थोडं पायथन किंवा आर येणाऱ्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. प्रयोगशाळा नसली तरी बिघडत नाही. खुल्या डेटावर यातलं बरंचसं काम सोळा जीबी रॅमच्या लॅपटॉपवर होतं.

आधी प्रश्न कागदावर लिहा

'न्यूरॉनचा प्रकार' या शब्दांत चार निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पेशी कुठे बसली आहे, तिच्यात कोणती जनुकं चालू आहेत, तिचा अक्षतंतू कुठवर जातो आणि ती विद्युत संदेश कशा पद्धतीने सोडते. या चार उत्तरांचा मेळ बसेलच असं नाही. म्हणून आपण कोणत्या उत्तराच्या मागे आहोत ते आधी एका वाक्यात लिहून काढा. माझं वाक्य असं असतं: 'पार्श्व हॅबेन्युलातले ग्लुटामेट न्यूरॉन जनुकांवरून किती स्थिर गटांत पडतात आणि ते गट ऊतकात वेगवेगळ्या जागी सापडतात का?' ग्लुटामेट म्हणजे पुढच्या पेशीला चेतवणारं संदेशद्रव्य. या वाक्यात भावनेचा उल्लेख नाही, आणि तो मुद्दाम टाळला आहे. भावनेचा प्रश्न शेवटी येतो, वेगळा पुरावा घेऊन.

याच टप्प्यावर एक भेद मनात पक्का करा, कारण पुढे सगळीकडे तो आडवा येणार आहे. प्रकार वेगळा आणि अवस्था वेगळी. २०१८ मध्ये चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या हैलान हू यांच्या गटाने दाखवलं की नैराश्यासारखी लक्षणं असलेल्या प्राण्यांच्या पार्श्व हॅबेन्युलात झुबक्याने, म्हणजे एकापाठोपाठ अनेक ठोके देत, पेटणाऱ्या न्यूरॉनचं प्रमाण वाढतं आणि केटामिन हे औषध ते झुबके थांबवतं. हे वाचून 'झुबकेवाले न्यूरॉन' नावाची जात असते असा समज होऊ शकतो. पण या झुबक्यांमागे एनएमडीए ग्राही आणि टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या आहेत, आणि त्या वाहिन्या पेशीचा व्होल्टेज खाली गेल्यावरच कामाला तयार होतात. म्हणजे एकसुरात पेटणारी पेशीच व्होल्टेज उतरला की झुबक्यांवर येऊ शकते. ती पेशीची अवस्था झाली. घामाघूम माणूस आणि कोरडा माणूस या जशा दोन जाती नव्हेत, तसंच हे.

शेजार ओळखा

हॅबेन्युला हा लॅटिन शब्द आहे, अर्थ लगामाचा बारीक पट्टा. थॅलॅमसच्या माथ्यावर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ही जोडी बसलेली असते. तिचे दोन भाग. आतल्या बाजूचा मध्य हॅबेन्युला इंटरपेडंक्युलर केंद्राकडे तंतू पाठवतो आणि निकोटिनबद्दलच्या तिटकाऱ्याशी व निकोटिन सुटतानाच्या त्रासाशी जोडलेला आहे. बाहेरचा पार्श्व हॅबेन्युला आरएमटीजी नावाच्या गाबा (पुढच्या पेशीला दाबणारं संदेशद्रव्य) न्यूरॉनच्या गटाला चेतवतो, आणि तो गट पुढे डोपामिन न्यूरॉनना दाबतो. अपेक्षाभंगाच्या क्षणी डोपामिन उतरतं, त्यामागचा एक मुख्य रस्ता हाच.

उंदरात हा भाग जेमतेम मिलिमीटरभर आकाराचा आहे, त्यामुळे कापताना शेजारी हमखास चिकटून येतात. वर हिप्पोकॅम्पसचा डेंटेट जायरस, खाली पॅराव्हेंट्रिक्युलर आणि मीडिओडॉर्सल थॅलॅमस, मधोमध तिसऱ्या पोकळीतला कोरॉइड प्लेक्सस. प्रत्येक शेजाऱ्याची खूण पाठ ठेवा. टीटीआर जनुक भरभरून दिसलं तर कोरॉइड प्लेक्सस. प्रॉक्स-१ असलेले ग्लुटामेट न्यूरॉन बहुधा डेंटेटचे. कॅल्ब-२ ठळक असेल तर पॅराव्हेंट्रिक्युलर थॅलॅमसचा संशय घ्या. ही यादी भिंतीवर लावून ठेवली तर 'नवा न्यूरॉन सापडला' म्हणून होणारी अर्धी धावपळ वाचते.

नमुना: पेशी घ्यायची की केंद्रक

प्राण्यांवरचा प्रयोग स्वतः करणार असाल तर भारतात संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी आधी लागते, आणि ती सीसीएसईएच्या (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या) नियमांखाली मिळते. किती उंदीर लागतील, का लागतील, हे तेव्हाच नीट मांडा.

ऊतक सुटं करायचे दोन मार्ग आहेत. एन्झाइमने अख्ख्या पेशी मोकळ्या करायच्या, किंवा गोठवलेलं ऊतक कांडून फक्त केंद्रकं काढायची. अख्ख्या पेशीत आरएनए जास्त मिळतो, पण पेशींना त्रासही जास्त होतो. माझ्या पहिल्या डेटात एक देखणा, सुटा क्लस्टर, म्हणजे जनुकांवरून सारख्या दिसणाऱ्या पेशींचा गट, आला होता. फॉस, जूनबी, ईजीआर-१ ही पेशी उद्दीपित झाली की चटकन चालू होणारी सगळी जनुकं त्यात पेटलेली. पायाला सौम्य विजेचा झटका दिलेले उंदीर त्या प्रयोगात होते, म्हणून मी त्याला 'ताणाला प्रतिसाद देणारे न्यूरॉन' असं नाव देऊन टाकलं. दोन आठवड्यांनी झटका न दिलेल्या उंदरांच्या पेशी वेगळ्या मोजल्या, तर त्यांच्यातही तो क्लस्टर तितकाच भरलेला. ती जनुकं झटक्याने चालू झालीच नव्हती. ३७ अंशांवर एन्झाइममध्ये घालवलेल्या वेळेने ती चालू केली होती.

यावर उपाय आहे. २०१७ मध्ये मांडलेल्या अ‍ॅक्ट-सेक पद्धतीत ऊतक काढल्याबरोबर अ‍ॅक्टिनोमायसिन-डी मिसळतात. त्याने नवा आरएनए बनणं थांबतं आणि प्राण्याच्या वागण्यातून आलेला फॉसचा इशारा तेवढा शिल्लक राहतो. केंद्रकांच्या मार्गात ऊतक लगेच गोठवलं तर हा धोका मुळातच कमी. ताण, भीती, वेदना अशा विषयात मी आता केंद्रकंच घेतो, आणि दर वेळी न छळलेल्या उंदरांचा गट त्याच दिवशी, त्याच हातांनी, सोबत चालवतो.

खडे निवडणं

तांदूळ निवडल्याशिवाय भात लावत नाही, तसंच हे. एकेक पेशी द्रवाच्या एकेका थेंबात पकडून मोजायच्या तंत्राने आलेल्या डेटात तीन प्रकारचे खडे असतात.

पहिला, तरंगता आरएनए. फुटलेल्या पेशींतला आरएनए द्रवात पसरतो आणि प्रत्येक थेंबात थोडा थोडा शिरतो. हॅबेन्युलाच्या डेटात टीटीआर सगळ्याच पेशींत थोडं थोडं दिसलं तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्यासाठी सेलबेंडर किंवा सूपएक्स वापरा. दुसरा, जोडपेशी: एका थेंबात दोन पेशी. स्क्रब्लेट किंवा डबलेटफाइंडर त्या शोधायला मदत करतात, पण डोळ्यांनीही तपासा. एखाद्या क्लस्टरमध्ये न्यूरॉनचं स्नॅप-२५ आणि ऑलिगोडेंड्रोसाइटचं एमबीपी दोन्ही ठळक असतील तर तो 'संक्रमणातला न्यूरॉन' समजू नका. तिसरा, मोडक्या पेशी. केंद्रकांच्या डेटात मायटोकाँड्रियाचा आरएनए फार कमी असायला हवा. तो वाढलेला दिसला तर धुण्यात कसर राहिली आहे.

इथे एक चूक फार होते. पेशीमागे किती जनुकं सापडली याची एकच किमान मर्यादा सगळ्या पेशींना लावली जाते. न्यूरॉनमध्ये आरएनए जास्त, मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये कमी. मर्यादा वर ठेवली तर ग्लिया, म्हणजे या आधारपेशी, गळतात, खाली ठेवली तर अर्धमेले न्यूरॉन निरोगी ग्लियाच्या वेशात आत येतात. म्हणून आधी ढोबळ गट पाडा, मग प्रत्येक गटाला त्याच्या स्वतःच्या वितरणावरून मर्यादा लावा. वेळ लागतो, पण हा वेळ वाचवू नका. केंद्रकांचा डेटा असेल तर मोजणीत इंट्रॉनही धरायला विसरू नका, नाहीतर निम्मा माल बाहेर राहतो.

गट पाडणं

यांत्रिक भाग झटपट सांगतो. पायथनमधलं स्कॅनपाय किंवा आरमधलं सुरा (Seurat), दोन्ही चांगली साधनं आहेत. मोजणी सारखी करा, लॉग घ्या, सर्वांत जास्त बदलणारी दोन ते तीन हजार जनुकं निवडा, पीसीएने परिमाणं कमी करा, सारख्या पेशी जोडणारा शेजाऱ्यांचा आलेख काढा, मग लायडन पद्धतीने त्याचे क्लस्टर पाडा. वेगवेगळ्या दिवशीचे नमुने असतील तर तो दिवसांचा फरक काढायला हार्मनी किंवा एससीव्हीआय.

पहिल्या फेरीत न्यूरॉन आणि बाकीच्या पेशी वेगळ्या करा. स्नॅप-२५ आणि एसवायटी-१ न्यूरॉनकडे, अ‍ॅक्वापोरिन-४ अ‍ॅस्ट्रोसाइटकडे, एमबीपी आणि एमओजी ऑलिगोडेंड्रोसाइटकडे, पीडीजीएफआरए त्यांच्या पूर्वज पेशींकडे, सीएक्स३सीआर१ मायक्रोग्लियाकडे, क्लॉडिन-५ रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडे बोट दाखवतात. मग फक्त न्यूरॉन घेऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवा, बदलणारी जनुकं निवडण्यासकट. हे नव्याने निवडणं वगळलं तर ग्लियाला न्यूरॉनपासून वेगळी करणारी जनुकंच अजून वरचढ राहतात आणि न्यूरॉनमधले बारीक फरक दबून जातात.

लायडनचं रेझोल्यूशन, म्हणजे गट किती बारीक पाडायचे ते ठरवणारा आकडा, किती ठेवायचं? ०.२ ठेवलं तर चार गट, २ ठेवलं तर तीस. आकडा कुठलाच पवित्र नाही. मी असं करतो: दर वेळी ८० टक्के पेशी यदृच्छेने उचलायच्या, क्लस्टर पाडायचे, हे पन्नास वेळा करायचं. ज्या पेशी जवळपास प्रत्येक वेळी एकत्रच येतात त्यांचा गट मानायचा. जे क्लस्टर अर्ध्या वेळा विरघळतात ते शेजाऱ्यात विलीन करायचे. शिवाय प्रत्येक गटात प्रत्येक उंदराच्या पेशी आहेत का, ते बघा. एकाच उंदराने भरलेला क्लस्टर म्हणजे बहुतेक त्या दिवशीच्या हाताळणीचा ठसा.

पेशींना दोन मितींत मांडणारं यूमॅपचं चित्र लेखात छान दिसतं. त्यातल्या अंतरांवरून निष्कर्ष मात्र काढू नका. दोन बेटं लांब दिसली म्हणून पेशी दूरच्या ठरत नाहीत. गटांमधलं नातं पीसीएच्या अवकाशात किंवा जनुकांच्या सरासरीवरून मोजा.

बारशाची घाई नको

आता नावं. हॅबेन्युलाच्या दोन्ही भागांत पाऊ४एफ१ दिसतं. त्यातून मध्य भाग टॅक-२ वरून आणि पार्श्व भाग गॅप-४३ वरून वेगळा काढता येतो. मध्य हॅबेन्युलाच्या वरच्या भागातल्या न्यूरॉनमध्ये टॅक-१ असतं, म्हणजे सबस्टन्स-पी. खालच्या भागातले न्यूरॉन चॅट दाखवतात, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. पार्श्व भागातले बहुतेक सगळे व्हीग्लुट-२ (ग्लुटामेट पुटिकेत भरणारं प्रथिन) वाले, ग्लुटामेटचे. त्यांच्या आतले उपगट एकमेकांत बरेच मिसळतात. त्यांच्यातला फरक एखाद्या जनुकाच्या असण्या-नसण्यापेक्षा कमी-जास्तपणाचा असतो. खरं कष्टाचं काम इथे आहे.

शितावरून भाताची परीक्षा करायची सवय या ठिकाणी नडते. पार्श्व हॅबेन्युलात गॅड-२ दाखवणारे न्यूरॉन आहेत. गॅड-२ हे गाबा बनवणारं एन्झाइम, तेव्हा 'हे गाबाचे न्यूरॉन' असं लिहायचा मोह होतो. पण गाबा पुटिकेत भरायला व्हीगॅट लागतं, आणि यातल्या अनेक पेशींत ते सापडत नाही, उलट व्हीग्लुट-२ सापडतं. न्यूरॉन कोणता रासायनिक संदेश देतो हे ठरवायला बनवणारं आणि भरणारं, दोन्ही जनुकं एकाच पेशीत दिसायला हवीत. आणि तरीही ते अनुमानच राहतं, जोवर कोणी त्या पेशीला उद्दीपित करून समोरच्या पेशीतला प्रवाह मोजत नाही.

खूण म्हणून जनुक निवडताना गटातल्या किती टक्के पेशींत ते आहे आणि गटाबाहेरच्या किती टक्के पेशींत आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. पी-मूल्यावर विसंबू नका. ज्या डेटावरून गट पाडले त्याच डेटावर गटांमधला फरक तपासला तर पी-मूल्य लहान येणारच. यदृच्छेने कापलेल्या ढिगाऱ्यातही येतं. ताण दिलेले विरुद्ध न दिलेले अशी तुलना असेल तर आणखी सांभाळा. सहा उंदरांच्या बारा हजार पेशी म्हणजे नमुन्याचा आकार बारा हजार नव्हे. तो सहा आहे. प्रत्येक उंदराच्या प्रत्येक गटातली एकेका जनुकाची मोजणी बेरीज करून एक संख्या करा आणि मग उंदरांची तुलना करा. असं केल्यावर माझ्या एका यादीतली शेकडो जनुकं गळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्या उरलेल्यांवर मी आजही विश्वास ठेवतो.

दुसऱ्यांच्या नकाशाशी ताडून पाहा

२०२० मध्ये दोन गटांनी उंदराच्या हॅबेन्युलाचं एकपेशीय वर्गीकरण प्रसिद्ध केलं: वॉशिंग्टन विद्यापीठातला गॅरेट स्ट्यूबर यांचा गट आणि हार्वर्डमधला बर्नार्डो साबातिनी यांचा गट. दोघांचा डेटा खुला आहे. त्याआधी २०१८ मध्ये झेब्राफिशच्या हॅबेन्युलाचंही असं काम झालं होतं. माशात पार्श्व हॅबेन्युलाचा समकक्ष भाग खालच्या बाजूला, व्हेंट्रल हॅबेन्युला म्हणून असतो, हे तुलना करताना ध्यानात असू द्या. एका डेटावर वर्गीकारक शिकवा आणि दुसऱ्या डेटावर चालवा. तुमचा गट दुसऱ्याच्या एका गटावर जाऊन बसला तर उत्तम. दोन-तीन गटांत विखुरला तर तुम्ही बहुधा सलग उतारावर कृत्रिम रेघ मारली आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅलन संस्थेच्या गटाने उंदराच्या अख्ख्या मेंदूचा पेशीनकाशा नेचरमध्ये मांडला. त्यात ३४ वर्ग, ३३८ उपवर्ग आणि ५,३२२ क्लस्टर आहेत. मॅपमायसेल्स या त्यांच्या मोफत साधनात तुमचा डेटा चढवला की प्रत्येक पेशीला त्यातलं नाव मिळतं, सोबत विश्वासाचा आकडाही. हॅबेन्युलाचे न्यूरॉन 'एमएच-एलएच ग्लुट' या वर्गात येतात. इथे जपा: अ‍ॅलनच्या बोलीत एलएच म्हणजे पार्श्व हॅबेन्युला. बाकीच्या बऱ्याच शोधनिबंधांत त्याच दोन अक्षरांनी पार्श्व हायपोथॅलॅमस दाखवतात, आणि तो भाग तर पार्श्व हॅबेन्युलाला तंतू पाठवणारा. या दोन अक्षरांनी चांगल्या विद्यार्थ्यांच्या आकृत्या बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत.

विश्वासाचा आकडा कमी असलेल्या पेशी टाकून देऊ नका, बाजूला ठेवा. त्यांच्यात जोडपेशी आणि शेजारून आलेल्या पेशी असतात. कधी खरंच काही नवं असतं.

पेशी जागेवर आहेत का

क्लस्टर म्हणजे संगणकातला ढीग. ती पेशी ऊतकात दिसली पाहिजे. त्यासाठी फ्लुरोसंट इन सिटू हायब्रिडायझेशन, म्हणजे ठराविक जनुकांचा आरएनए ऊतकातच रंगाने दाखवणारी चाचणी, करा: एका रंगात पार्श्व हॅबेन्युलाची खूण, दुसऱ्यात गटाची खूण, तिसऱ्यात व्हीग्लुट-२. पुढून मागे असे अनेक छेद घ्या, कारण हॅबेन्युलाचे उपभाग लांबीनुसार बदलतात आणि एकाच छेदावर गट 'नाही' असं वाटू शकतं. मोजणाऱ्या व्यक्तीला कोणता उंदीर कोणत्या गटातला ते कळू देऊ नका. प्रयोगशाळा नसेल तर अ‍ॅलनच्या खुल्या मर्फिश छेदांत, म्हणजे ऊतकात जागेवरच शेकडो जनुकं मोजलेल्या छेदांत, तुमच्या गटाचं नाव टाकून जागा बघा.

आणि आता भावना

इथवर आल्यावर 'हा गट भीतीचा, हा निराशेचा' असं म्हणता येईल का? अजून नाही. जनुकांवरून पेशीची घडण कळते, तिचं काम कळत नाही.

कामाच्या दिशेने तीन प्रश्न आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नये. तंतू कुठे जातो? मागे प्रवास करणारा विषाणू किंवा रंगद्रव्य आरएमटीजीमध्ये टोचा, दुसरं डॉर्सल राफेमध्ये, म्हणजे सेरोटोनिन न्यूरॉनच्या केंद्रात, आणि चमकणाऱ्या पेशी कोणत्या गटात पडतात ते बघा. त्रासाच्या वेळी पेशी पेटते का? जागत्या उंदरात जीकॅम्पच्या, म्हणजे कॅल्शियम वाढलं की चमकणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने कॅल्शियमची चमक मोजा, आणि झटक्यासोबत बक्षीस, नवी जागा, नुसती हालचाल यांच्या वेळीही मोजा. झटक्याला पेटणारी पेशी बक्षिसालाही पेटत असेल तर ती नकोशा अनुभवाऐवजी महत्त्वाच्या कुठल्याही घटनेची नोंद घेत असेल. तिसरा प्रश्न, ती पेटवली तर वागणं बदलतं का? २०१२ मध्ये स्टामाटाकिस आणि स्ट्यूबर यांनी पार्श्व हॅबेन्युलातून आरएमटीजीकडे जाणारे तंतू प्रकाशाने चेतवले, तेव्हा उंदीर ती जागा टाळू लागले. हा कार्यकारणाचा पुरावा आहे. मात्र तो त्या रस्त्याबद्दल आहे, कुठल्या जनुकगटाबद्दल नाही. गटाबद्दल बोलायचं तर त्या गटाच्या खुणेने चालणारा क्रे-उंदीर, म्हणजे त्या एकाच गटातल्या पेशी हाताळता याव्यात म्हणून जनुक बदललेला उंदीर, लागेल.

शब्दांचाही प्रश्न आहे. उंदीर जागा टाळतो हे आपण पाहिलं. त्याला 'निराशा' वाटली का, हे आपण पाहिलेलं नाही. भीतीच्या सर्किटचा अभ्यास करणारे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी २०१४ मध्ये आग्रहाने मांडलं की प्राण्यांमधल्या या अभ्यासाला भीतीऐवजी धोक्याला प्रतिसाद म्हणावं, कारण जाणवणारी भीती आणि धोका ओळखणारं सर्किट एकच मानता येत नाही. मला हे पटतं. नैराश्याने पिचलेल्या माणसाला आपण उद्या औषधाचं वचन देणार असू, तर आज उंदरात नेमकं काय मोजलं ते जसंच्या तसं सांगायला हवं.

प्रत्येक गटाचं कार्ड

शेवटी मी प्रत्येक गटासाठी एक कार्ड भरतो. गटाच्या नावात फक्त जागा, संदेशद्रव्य आणि खुणेचं जनुक. खाली पाच रकाने, आणि प्रत्येक रकान्यात पुरावा कुठून आला ते. नमुन्यादाखल साहित्यात चांगला स्थिरावलेला एक गट घेऊ:

नाव: मध्य हॅबेन्युला, ग्लुटामेट, टॅक-१.
जागा: मध्य हॅबेन्युलाचा वरचा भाग, इन सिटू.
जनुकं: पाऊ४एफ१, टॅक-२, टॅक-१, एकपेशीय डेटा.
तंतू: इंटरपेडंक्युलर केंद्राच्या बाजूच्या भागात, मागोवा घेणारे रंगद्रव्य.
विद्युत वर्तन: आपण मोजलेलं नाही.
कोणत्या अनुभवाशी नातं: रिकामा, आपल्या उंदरांमधला पुरावा हाती येईपर्यंत.